दूरच्या खरेदीदाराचे डोळे

समजा, कामशेतला जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत तुमचे गॅरेज आहे. एका रात्री इशाच्या नमाजनंतर फोन येतो. बोलणारे गृहस्थ नागपूरचे आहेत, तुम्हाला पूर्णपणे अनोळखी आणि धर्माने हिंदू. तुमचा नंबर त्यांना कोणाकडून तरी मिळाला आहे. पवना धरणाच्या बाजूला एका बंगल्यात एक जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार विकावयाची आहे. छायाचित्रे सुंदर आहेत आणि किंमतही आवाक्यातील आहे. परंतु एक मोटार पाहण्यासाठी सातशे किलोमीटरहून अधिक प्रवास करणे त्यांना शक्य नाही. "तुम्ही एकदा जाऊन नीट तपासा आणि मला सांगा. तुमचे जे काही होतील ते मी आधीच पाठवतो," एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

तुम्ही होकार देता. दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचल्यावर लक्षात येते, की बंगल्याचे मालक तुमचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या दोन गाड्यांचे काम वर्षभर तुमच्याकडेच येते. ते चहा मागवतात आणि हसत म्हणतात, "तुम्हीच आलात, म्हणजे आता काळजी नाही." इंजिन थंड असताना पाहायचे असे तुम्ही कळवले होते, पण बॉनेटला हात लावताच ते गरम असल्याचे जाणवते. पायाखालचा गालिचा उचलला तर खाली ओल आहे. जॅक लावण्याच्या जागी पत्रा बोटाने दाबला जातो. मावळचे चार-पाच पावसाळे ही गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, हे स्पष्ट आहे.

संध्याकाळी नागपूरचा फोन येणार आहे. त्या माणसाने तुम्हाला पाहिलेले नाही आणि पुढेही कदाचित तो कधी पाहणार नाही. बंगल्याचे मालक मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा तुमच्या दारात येणार आहेत. वाचकहो, तुम्ही काय सांगाल?

प्रश्न लहान वाटतो. नमाज, रोजा, जकात यांच्या तुलनेत एका जुन्या मोटारीच्या पाहणीला धर्मात काय स्थान असणार, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु माणसाच्या ईमानाची परीक्षा बहुधा अशाच ठिकाणी होते, जेथे खोटे बोलावे लागत नाही, केवळ गप्प राहिले तरी भागते.

विकणाऱ्याचे मौन

प्रथम विकणाऱ्याची जबाबदारी पाहू, कारण त्याविषयी इस्लामची शिकवण अत्यंत स्पष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा मदीनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, पण आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले, की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. मावळात इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या माणसाला या हदीसचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पोत्याच्या तोंडाशी काय असते आणि तळाशी काय असू शकते, हे त्याला ठाऊक असते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तो विक्रेता एक शब्दही खोटे बोललेला नव्हता. त्याचा दोष एवढाच, की ओल झाकली गेली होती आणि त्याने ती झाकलेली राहू दिली.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. विक्रीपूर्वी काही दिवस जनावर न पिळता ठेवायचे, म्हणजे कास भरलेली दिसते आणि घेणाऱ्याला ते अधिक दुधाचे वाटते. या युक्तीला प्रेषितांनी (स.) मनाई केली आणि अशा प्रकारे फसलेल्या खरेदीदाराला व्यवहार मोडण्याचा अधिकार दिला. पाहणाऱ्याच्या येण्याआधी इंजिन गरम करून ठेवणे, जेणेकरून थंडीत सुरू होताना होणारा आवाज आणि निघणारा धूर लपावा. मीटरचा आकडा मागे फिरवणे. इंजिनाचा भाग धुऊन चकचकीत करणे, जेणेकरून तेलगळतीचे डाग दिसू नयेत. ही सारी त्या भरवलेल्या कासेचीच नवी रूपे आहेत.

यावर विक्रेता म्हणेल, "मी आधीच सांगितले आहे, गाडी जशी आहे तशी घ्यायची." हे वाक्य त्याला मोकळे करते काय? हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी एक गुलाम आठशे दिरहमांना विकला होता आणि दोषांची जबाबदारी आपल्यावर नाही अशी अट घातली होती. पुढे खरेदीदाराला त्याच्या आजाराचा पत्ता लागला आणि वाद खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांच्यासमोर गेला. हजरत उस्मान (रजि.) यांनी अट होती की नव्हती एवढ्यावर निकाल दिला नाही. विकताना हा दोष आपल्याला ठाऊक नव्हता, अशी शपथ घेण्यास त्यांनी सांगितले. हजरत इब्न उमर (रजि.) यांनी शपथ घेतली नाही आणि तो गुलाम परत घेतला. ही घटना इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये नमूद आहे. अशा अटीच्या मर्यादेविषयी फिक्हच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. हनफी मत तिला अधिक वाव देते, तर इतर मते कमी. परंतु जाणूनबुजून झाकलेल्या दोषाचा प्रश्न आला, की अट कागदावर असली तरी मनातील ज्ञानाचा हिशेब उरतोच, एवढे या प्रसंगातून दिसते.

कायदा जेथे थांबतो

आपल्या देशाच्या करार कायद्याकडे याच संदर्भात पाहावे. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 17 मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. त्याच्या स्पष्टीकरणानुसार नुसते मौन ही सर्वसाधारणपणे फसवणूक ठरत नाही. बोलणे हे कर्तव्यच असेल किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तरच ती ठरते. यासाठी कायद्यात दिलेले उदाहरण मोठे विचार करायला लावणारे आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढच्या उदाहरणात घोडा घेणारी त्याची स्वतःचीच, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

कायद्याची अडचण समजण्यासारखी आहे. प्रत्येकाच्या मनात काय होते हे न्यायालयाला शोधता येत नाही आणि खरेदीदारानेही डोळे उघडे ठेवावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. पण इस्लामची मागणी त्या दुसऱ्या उदाहरणापासून सुरू होते. जो संकोच वडिलांना मुलीला सदोष घोडा देताना वाटतो, तोच अनोळखी माणसाच्या बाबतीतही वाटावा, अशी ती मागणी आहे. खरेदीदार आणि विक्रेता सत्य बोलले आणि त्यांनी दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, आणि खोटे बोलले व लपवले तर ती पुसली जाते, अशा आशयाची हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांची हदीस प्रसिद्ध आहे.

तिसऱ्या माणसाची जबाबदारी

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, "हे सर्व विकणाऱ्याला लागू होते. मी ना विकणारा, ना घेणारा. मी मधला."

याच मधल्या माणसाचा प्रसंग इमाम गझाली (रह.) यांनी इह्या उलूमुद्दीनमध्ये दिला आहे. एका माणसाने तीनशे दिरहमांना उंटीण विकली. सहाबी हजरत वासिला बिन अस्का (रजि.) तेथे उभे होते, पण व्यवहार होताना त्यांचे लक्ष नव्हते. खरेदीदार उंटीण घेऊन निघून गेला तेव्हा ते भानावर आले आणि त्याच्या मागे धावत जाऊन त्याला हाका मारू लागले. त्यांनी विचारले, ही मांसासाठी घेतली की प्रवासासाठी? तो म्हणाला, प्रवासासाठी. त्यावर हजरत वासिला (रजि.) यांनी सांगितले, की हिच्या खुराला छिद्र आहे, ते मी पाहिले आहे, ही सतत चालू शकणार नाही. खरेदीदार परत आला आणि विक्रेत्याला किमतीतील शंभर दिरहम कमी करावे लागले. विक्रेता चिडून म्हणाला, की तुम्ही माझा सौदा बिघडवला. तेव्हा हजरत वासिला (रजि.) यांनी उत्तर दिले, की प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा आम्ही प्रेषितांच्या (स.) हाती केली आहे, आणि दोष सांगितल्यावाचून वस्तू विकणे जसे वैध नाही, तसेच ज्याला तो दोष ठाऊक आहे त्यालाही तो न सांगणे वैध नाही, असे आपण त्यांच्याकडून ऐकले आहे.

या प्रसंगातील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हजरत वासिला (रजि.) यांना कोणी पाहणीसाठी नेमले नव्हते आणि कोणी मोबदला दिला नव्हता, तरीही आपल्याला माहीत असणे हेच त्यांना पुरेसे कारण वाटले. दुसरे, त्यांनी आधी उपयोग विचारला. मांसासाठी घेतलेल्या जनावराच्या खुराचे छिद्र हा दोष नव्हे, प्रवासासाठी घेतलेल्याचा तो मोठा दोष आहे. तिसरे, विक्रेत्याचा राग त्यांना सोसावा लागला. म्हणजे सत्य सांगणाऱ्याला किंमत मोजावी लागते, हे त्या काळीही खरे होते.

मग ज्याने मागून घेतले, ज्याने मोबदला स्वीकारला आणि ज्याच्या शब्दावर विसंबून एक माणूस आपली बचत पाठवणार आहे, त्याची जबाबदारी किती असेल? ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो विश्वस्त असतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. तुम्ही त्या माणसाला आपले डोळे उसने दिले आहेत. तेवढ्या वेळेपुरते ते डोळे तुमचे नाहीत; ती अमानत आहे.

वकील की निरोप्या?

न पाहिलेल्या वस्तूच्या खरेदीविषयी फिक्हमध्ये सखोल चर्चा आहे. हजरत उस्मान (रजि.) आणि हजरत तलहा (रजि.) यांच्यात इराकमधील जमिनीचा व्यवहार मदीनेत बसून झाला होता. पुढे दोघांनीही व्यवहार मोडण्याचा अधिकार आपला असल्याचे सांगितले; एक म्हणाले मी न पाहता विकली, दुसरे म्हणाले मी न पाहता घेतली. लवाद म्हणून नेमलेल्या हजरत जुबैर बिन मुतइम (रजि.) यांनी निर्णय दिला, की हा अधिकार घेणारे हजरत तलहा (रजि.) यांचा आहे. हनफी फकीह यावरूनच 'खियार-ए-रूयत', म्हणजे वस्तू पाहिल्यावर स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार, स्पष्ट करतात. शाफिई मतानुसार, ज्याचे अनुसरण कोकणातील आपले बहुतेक बांधव करतात, न पाहिलेल्या वस्तूचा सौदाच ग्राह्य नाही. आधी पाहणे आवश्यक आहे. दोन्ही मतांचा रोख एकच आहे: पाहणे हा खरेदीदाराचा हक्क आहे.

येथे हनफी फिक्हमधील एक सूक्ष्म भेद तुमच्या उपयोगाचा आहे. जर त्या गृहस्थांनी तुम्हाला खरेदीचा वकील नेमले असेल, म्हणजे "पाहा आणि पसंत पडली तर माझ्या वतीने सौदा करा" असे सांगितले असेल, तर तुमचे पाहणे हे त्यांचेच पाहणे ठरते आणि त्यानंतर न पाहिल्याच्या कारणावरून नाकारण्याचा त्यांचा अधिकार संपतो. तुम्ही केवळ निरोप्या असाल, तर तो अधिकार शिल्लक राहतो. म्हणून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे: मी केवळ पाहून सांगायचे आहे, की सौदाही करायचा आहे? पहिल्या बाबतीत तुमच्या चुकीनंतरही त्यांना वाट उरते. दुसऱ्या बाबतीत तुमच्या एका होकाराने दुसऱ्याचा हक्क खर्ची पडतो.

जेवढे पाहिले तेवढेच

अमानतीची मागणी एवढीच, की पाहिलेले लपवू नये आणि न पाहिलेले सांगू नये. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांविषयी विचारणा होणार आहे, असा इशारा पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (17:36) दिला आहे. वाहन तपासणाऱ्याने ही आयत आपल्या गॅरेजच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की अहवालाचे तीन भाग करावेत: काय पाहिले, काय पाहता आले नाही आणि काय पाहूनही निश्चित कळले नाही. एक उदाहरण घ्या. तुम्ही तेल भरण्याचे झाकण काढता आणि त्याच्या आतल्या बाजूस दुधाळ, कॉफीच्या रंगाचा फेस दिसतो. हेड गॅस्केट जाऊन पाणी तेलात मिसळत असेल, तर असा फेस येतो. पण मावळच्या दमट हवेत महिन्यातून एकदा पाच मिनिटे चालवलेल्या गाडीतही केवळ बाष्पामुळे तो येऊ शकतो. "इंजिन गेले" म्हणणे हा विक्रेत्यावर अन्याय आणि "काही विशेष नाही" म्हणणे हा खरेदीदारावर अन्याय. "फेस दिसला, त्याची दोन कारणे संभवतात, कूलिंगची प्रेशर टेस्ट केल्यावाचून सांगता येणार नाही," हे सत्य आहे.

तसेच इंजिन गरम होते, म्हणून थंड इंजिन पाहता आले नाही, हे स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या सकाळी पुन्हा जावे. गाडी पिटवर किंवा लिफ्टवर घेतली नसेल तर खालचा भाग पाहिला असे म्हणू नये. स्पोर्ट्स कार जमिनीपासून कमी उंचीची असते. गतिरोधकांवर तिचे पोट घासते, म्हणून खालूनच ती खरी कळते. चेसिस क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावा. टायरच्या बाजूवरचे चार आकडे त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. 2319 असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातील आहे. रबर कितीही जाड असले तरी जुन्या टायरवर वेगाने जाणे जिवाशी खेळ आहे. गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का, तो उतरवण्यासाठी बँकेच्या सहीचा फॉर्म 35 आहे का, विक्रेता फॉर्म 29 आणि 30 वर सही करण्यास तयार आहे का, दंडाची चलने थकीत आहेत का, हे विचारावे. आणि हजरत वासिला (रजि.) यांच्याप्रमाणे प्रथम खरेदीदारालाच विचारावे: रोज चालवणार, की सुट्टीच्या दिवशी? उत्तरावर दोषाचे वजन ठरते.

दोन शंका

काहींच्या मनात येईल, की मालकाच्या माघारी त्याच्या वस्तूचे दोष सांगणे ही गीबत तर नव्हे? फातिमा बिन्त कैस (रजि.) यांनी विवाहाच्या प्रस्तावांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) प्रस्ताव देणाऱ्यांच्या उणिवा त्यांना स्पष्ट सांगितल्या. यावरून उलेमांनी, विशेषतः इमाम नववी (रह.) यांनी, सल्ला मागणाऱ्याला सावध करणे हा गीबतीच्या मनाईला अपवाद मानला आहे. मात्र अपवाद गरजेपुरताच असतो. गाडीचा गंज सांगावा. मालकाच्या घरची भांडणे किंवा त्याच्यावरचे इतर कर्ज सांगण्याचे कारण नाही. शक्य असेल तर तेच दोष मालकाच्या तोंडावर आधी सांगावेत. "हे मी नागपूरला कळवणार आहे," असे म्हणण्यात धैर्य लागते, पण त्यामुळे पाठीमागे काही उरत नाही.

दुसरी शंका उलट दिशेची आहे. खरेदीदाराने पैसे दिले आहेत म्हणून त्याच्या फायद्यासाठी दोष फुगवून सांगणे योग्य होईल काय? मुळीच नाही. लोकांना त्यांच्या वस्तू कमी लेखून देऊ नका, ही हजरत शुऐब (अलै.) यांची आपल्या समाजाला शिकवण होती आणि कुरआनने ती वारंवार सांगितली आहे. चांगल्या वस्तूला वाईट म्हणून तिची किंमत पाडणे हेही माप मारणेच आहे. त्याचप्रमाणे दोन्हीकडून गुपचूप मोबदला घेणे हे अमानतीच्या मुळावर घाव घालणारे आहे. मालकाने निघताना पाकीट पुढे केले, तर ते नम्रपणे परत करावे. कारण त्यानंतर आपल्या जिभेवर आपलाच विश्वास राहत नाही.

जो आपल्याला कधीच पाहणार नाही

राहिला प्रश्न त्या अनोळखी, अन्य धर्मीय माणसाचा. अमानतीला धर्माची सीमा नाही. मक्केच्या लोकांनी प्रेषितांना (स.) जिवे मारण्याचा कट रचला, त्या रात्रीही त्याच लोकांच्या ठेवी त्यांच्या घरी होत्या. हिजरत करताना त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. शत्रूच्या ठेवीचा एवढा आदर असेल, तर ज्याने विश्वासाने तुम्हाला विचारले त्या देशबांधवाच्या विश्वासाचा किती असावा?

बंगल्याच्या मालकांचे काम कदाचित तुटेल. ही भीती खोटी नाही. घरभाडे, मुलांची फी, हे सारे खरे असते. परंतु रोजी देणारा कोण, याविषयी आपण रोज पाच वेळा जे कबूल करतो, त्याची साक्ष येथे द्यायची असते. आणि मालक शहाणे असतील, तर जो कारागीर एका परक्या माणसाला आपल्यासमोर खरे सांगतो, तो आपल्यालाही खोटे सांगणार नाही, हे कधीतरी त्यांच्या लक्षात येईल. न आल्यास तुमचा हिशेब त्यांच्याकडे नाहीच.

फोन वाजेल तेव्हा त्या माणसाला सांगा: ओल आहे, गंज आहे, इंजिन गरम होते, तेलाचे निश्चित कळले नाही, कागद नीट आहेत आणि रंग मूळचा आहे. गाडी घ्यायची की नाही, हे त्याला ठरवू द्या. तुमचे काम डोळे परत करण्याचे आहे, जसे घेतले तसे.

आपण पाहिले ते पाहिले म्हणण्याचे आणि न पाहिले ते न पाहिले म्हणण्याचे सामर्थ्य अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.